अम्पारोची मोठी बहीण

१२ जानेवारी

डॉक्टरने सांगितलं, रोज घरी प्रेशर मोजा आणि वहीत लिहा. वही आणली. प्रेशर मोजायचं यंत्र घरात नाही, आणि कोरी वही नुसती पडलेली मला बघवत नाही. तेव्हा आज जे झालं ते लिहिते.

स्कूलबस चालवणाऱ्यांची दर दोन वर्षांनी तपासणी असते. एकोणीस वर्षं मी बस चालवतेय आणि एकोणीस वर्षं पास होतेय. आज त्या तरुण डॉक्टरने दंडाला तीनदा पट्टा आवळला आणि तिन्ही वेळा ओठ चावला. १६६ वर १०२. "मिस कवासोस, लघवीत प्रथिनं जातायत, साखरही दिसतेय. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना लवकर दाखवा. मी सध्या तीनच महिन्यांचं सर्टिफिकेट देतो." माझा नेहमीचा डॉक्टर कुठला! गुडघ्यांसाठी दुकानातून गोळ्या आणते, रोज चार घेते, तोच माझा डॉक्टर.

घरी येऊन आमाला, माझ्या आईला, सांगणार होते. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. दार उघडलं तर आमा गॅसपाशी फोन कानाला लावून रडत होती. अम्पारोचं डायलिसिस सोमवारपासून सुरू करणार म्हणे. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास.

"तेंचा, तुझ्या बहिणीचं नशीब बघ गं," आमा म्हणाली. माझ्या हातातला कागद तिने बघितला आणि विचारलं, "हे काय, विजेचं बिल?"

मी हो म्हटलं.

१५ जानेवारी

घरात आता दोन प्रकारचा स्वयंपाक होतो. अम्पारोसाठी कोंबडीचा काल्दो, म्हणजे पातळ सूप, त्यात मीठ नाही, टोमॅटो नाही, बटाटे दोनदा उकळून पाणी फेकलेले. आमा वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी तासभर उभी राहून तो करते, डब्यात भरते, डब्यावर टॉवेल गुंडाळते, जसं काही आत बाळच आहे. मी तो डबा पोचवते. मग घरी येऊन कालचे बीन्स चरबीत परतून टॉर्टियाबरोबर खाते. "तुला काय, तू काहीही पचवतेस," आमा म्हणते.

हे ती चाळीस वर्षं म्हणतेय. ज्या हिवाळ्यात हिमाने खोऱ्यातल्या संत्र्या-ग्रेपफ्रूटच्या सगळ्या बागा जळाल्या, आपांचं, वडिलांचं, काम गेलं, त्या वर्षी मला पंधरावं लागलं. आमच्यात मुलीचं पंधरावं लग्नासारखं करतात; माझ्या वेळी मोठा झगा नाही, नाच नाही, चर्चमध्ये मिसा नाही. "तू समजूतदार आहेस." तीन वर्षांनी अम्पारोला पंधरावं लागलं तेव्हा गुलाबी झगा आला, चौदा जोड्या नाचल्या. तो झगा मीच शिवला होता.

आज डबा नेला तेव्हा अम्पारोने नेहमीसारख्या चौकशा केल्या. आमा आज किती वाजता उठली? केस कुणी विंचरून दिले? काल जेवताना काय गप्पा मारल्या? एवढी माहिती हवी तर स्वतः येऊन बघावं.

२९ जानेवारी

अम्पारोचा नवरा चानो कामाला अडकला म्हणून तिला डायलिसिसला मी नेलं. सकाळची बसफेरी संपवून थेट गेले.

मोठं दालन, आरामखुर्च्यांच्या दोन रांगा, प्रत्येक खुर्चीशेजारी एक यंत्र. आमच्या वेस्लाकोतलं निम्मं गाव तिथे ओळखीचं निघालं. आमचा जुना पोस्टमन, बेकरीतली बाई, माझ्याबरोबर शाळेत असलेला एक. अम्पारोच्या डाव्या हातात शीर आणि धमनी जोडून ठेवलीय, तिथे बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तसं लागतं. त्यात दोन जाड सुया. तिने डोळेही मिटले नाहीत.

नर्स येऊन तिचा गाल कुरवाळून गेली. पोस्टमनने तिच्यासाठी मासिक आणलं होतं. दोन आठवड्यांत ती तिथेही सगळ्यांची लाडकी झाली. वजन उतरलंय, गालाची हाडं दिसतात, डोळे मोठे वाटतात. आजारपणसुद्धा शोभून दिसतं तिला. मला साधी सर्दी झाली तरी मी सुजलेल्या बटाट्यासारखी दिसते.

परत येताना गाडीत ती माझ्या पायांकडे बघत होती.

"बुटाच्या नाड्या का सोडल्यास?"

"घट्ट होतात."

"कधीपासून?"

"अगं, दिवसभर बसून गाडी चालवते मी. तुझ्यासारखी हवा खात नाही."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने वाकून माझ्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. ती त्या खळग्याकडे बघत बसली. मला इतका राग आला! स्वतः काठीसारखी झालीस म्हणून दुसऱ्याच्या मांसाची चेष्टा करायची?

"तेंचा, रात्री लघवीला उठतेस का गं? फेस येतो का?"

"माझ्या फेसाची चौकशी करू नकोस," मी म्हटलं, आणि रेडिओ मोठा केला.

४ फेब्रुवारी

अम्पारोने प्रेशरचं यंत्र पाठवलं. तिचं जुनं. तिला कुणीतरी नवं दिलं, म्हणून जुनं मला. लहानपणी बाकी सगळ्या घरांत मोठीचे कपडे धाकटीला जायचे, आमच्याकडे उलटं होतं, कारण मी तिच्यासाठी शिवायचे आणि उरलेल्या कापडातून माझं व्हायचं.

बरोबर चिठ्ठी: "वापर. प्लीज. अ."

कपाटात ठेवलं.

१७ फेब्रुवारी

चर्चच्या हॉलमध्ये अम्पारोच्या मदतीसाठी कोंबडीच्या जेवणाची विक्री होती. भात मी केला. चार मोठी पातेली. पहाटेपासून उभी होते, गुडघे फुटायला आले तेव्हा दोन गोळ्या जास्त घेतल्या. दारात अम्पारोचा मोठा फोटो लावलेला, पार्लरमधला, हातात कात्री, हसतेय. खाली लिहिलेलं, 'आमच्या अम्पारोला किडनी हवी आहे'. येणारा प्रत्येक जण आधी फोटोसमोर थांबायचा, मग अम्पारोकडे जायचा, तिला मिठी मारायचा. ती पंख्याखाली खुर्चीत बसली होती. चानो दर दहा मिनिटांनी तिच्या पाठीमागची उशी सारखी करायचा.

भात वाढताना एक बाई म्हणाली, "तुम्ही अम्पारोच्या मोठ्या बहीण ना?" चोपन्न वर्षांची झाले, या गावात माझं नाव हेच.

मग फादर माईकवर आले. चानोची तपासणी झाली पण रक्तगट जुळत नाही, चुलत भावंडांपैकी कुणी पुढे येत नाही, ज्यांना शक्य असेल त्यांनी विचार करावा, वगैरे. मी हातात डाव घेऊन उभी. आणि तेव्हा डोक्यात वीज चमकल्यासारखं झालं. मला कुणी विचारलंच नव्हतं! सगळ्यांना विचारून झालं, मेक्सिकोतल्या मावसभावालासुद्धा फोन झाला, आणि सख्ख्या बहिणीला नाही. माझा रक्तगटही तिचाच आहे. म्हणजे माझी किडनीही माझ्यासारखीच, भात वाढायच्या कामाची?

डाव ठेवला, एप्रन तसाच, गेले आणि माईक घेतला. म्हटलं, "मी देते. माझी घ्या."

 टाळ्या. लोक उभे राहिले. आमा दोन्ही हात पसरून माझ्याकडे चालत आली, काठीशिवाय. माझ्या कपाळावर क्रूस काढला, तोंड माझ्या मानेत खुपसून रडली. किती वर्षांनी!

अम्पारो खुर्चीतून उठली नाही. ती मान हलवत होती, नाही नाही अशी. लोकांना वाटलं भरून आलंय.

१८ फेब्रुवारी

सकाळी आमाने मला अंडी करून दिली. मी न मागता.

अम्पारोचा फोन आला. "तू नको, तेंचा. मी मुद्दाम विचारलं नव्हतं."

"का? माझी चालणार नाही?"

"तू आधी स्वतःला दाखव. साध्या डॉक्टरला. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी."

दातृत्वसुद्धा तिला एकटीलाच हवं. दुसऱ्या कुणासाठी टाळ्या वाजल्या की हिच्या पोटात दुखतं. मी फोन ठेवला.

१२ मार्च

शाळांना वसंताची सुट्टी. किडनी देण्याआधीच्या तपासणीसाठी सॅन अँटोनिओला चार तास एकटी गाडी चालवत गेले. कुणाला बरोबर घेतलं नाही. वाटेत सगळं ठरवलं. ऑपरेशननंतर माझी खोली कुठली असेल, आमा आधी कुणाच्या खोलीत येईल (माझ्या, कारण देणाऱ्याला जास्त दुखतं, असं वाचलंय), फादर काय म्हणतील. दारातल्या फोटोत या वेळी आम्ही दोघी असू. मी पुढे.

दिवसभर तपासण्या. रक्ताच्या चौदा छोट्या नळ्या. चोवीस तासांची लघवी डब्यात घेऊन गेले होते, ती दिली. कंबरेला टेप लावला, तो पुरला नाही, मोठा आणावा लागला. छातीचा एक्स-रे. डोळ्यांत थेंब टाकून आतलं बघितलं. समुपदेशन करणारी बाई मिसेस इबारा गोड होती. तिने विचारलं, "तुम्हाला हे का करायचंय?"

"ती माझी बहीण आहे," मी म्हटलं. ती लिहीत राहिली, मग वर बघितलं, जणू अजून काही येईल. अजून काय येणार?

२१ मार्च

परत बोलावलं. डॉक्टर विल्हेल्म, माझ्याच वयाची बाई, पांढरे केस कापलेले. तिने फाईल उघडली नाही, बाजूला सारली आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"हॉर्टेन्सिया," तिने माझं पूर्ण नाव घेतलं, "तुम्ही किडनी देऊ शकणार नाही."

"वजनामुळे? कमी करते मी. दोन महिने द्या."

"फक्त वजन नाही. प्रेशर, साखर, कंबर, रक्तातली चरबी, आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी. या पाचातल्या तीन गोष्टी असल्या तरी आम्ही काळजीत पडतो. तुमच्या पाचही आहेत. आणि त्यांनी आपलं काम सुरू केलंय." तिने कागदावर काढून दाखवलं. किडनी म्हणजे आत बारीक बारीक रक्तवाहिन्यांची गुंडाळी. वर्षानुवर्षं जोरात रक्त, गोड रक्त, चरबीचं रक्त त्यांतून गेलं की त्या आतून खरवडतात, ताठ होतात, गळायला लागतात. लघवीत प्रथिनं जातात ती तिथून. डोळ्यातल्या बारीक वाहिन्यांतही तेच दिसलं. छातीतल्या मोठ्या धमनीच्या भिंतीवर चुन्याची रेघ आहे. "तुमच्या किडन्या शंभरातलं चव्वेचाळीस काम करतायत. दोन्ही मिळून."

मी म्हटलं, "पण आजारी माझी बहीण आहे."

ती म्हणाली, "हो. तुम्हीही आहात."

गुडघ्याच्या गोळ्या आजच्या आज बंद, त्या किडनी खातात. प्रेशरची गोळी, साखरेची गोळी, ती किडनीलाही सांभाळते म्हणे. मीठ कमी, सोडा बंद, रोज चाला. "तुम्ही द्यायला आलात म्हणून कळलं. चार वर्षांनी कळलं असतं तर तुम्ही तुमच्या बहिणीच्या शेजारच्या खुर्चीत असता."

बाहेरच्या खोलीत एक तरुणी बसली होती, तिला आताच मंजुरी मिळाली होती, ती फोनवर रडत हसत होती. मी त्या पोरीकडे इतक्या द्वेषाने बघितलं की तिने फोन ठेवून विचारलं, "तुम्ही बऱ्या आहात ना?"

२४ मार्च

आमा विचारते, "काय म्हणाले डॉक्टर?"

"अजून तपासण्या बाकी आहेत."

झालं. बोलून गेले. खरं सांगणारच होते, पण ती माझ्यासाठी काल्दो करत होती. माझ्यासाठी! "आता तुलाही ताकद हवी," म्हणाली. त्यात मीठ होतं. मी मुकाट्याने दोन वाट्या खाल्ल्या.

२ एप्रिल

नव्या गोळ्या शिवणाच्या डब्यात ठेवते आणि सकाळी बाथरूममध्ये दार लावून घेते. गुडघे ठणकतात.

बस स्टॉपवरच्या आया मला हात करतात. दुकानात एका म्हाताऱ्याने माझी ट्रॉली गाडीपर्यंत ढकलली. फादरनी रविवारी माझं नाव घेतलं, 'आपली हॉर्टेन्सिया', अम्पारोचं नाव नंतर. मला खूप आवडलं. इथे खोटं कशाला लिहू? रोज ठरवते, उद्या सांगेन. रोज सकाळी आमा अंडी करते आणि माझ्या कपाळावर क्रूस काढते, आणि मी तो काढू देते.

आज डबा द्यायला गेले तेव्हा अम्पारोने बातमी दिली. तिच्याकडे केस कापून घ्यायला येणारी पिलार, शाळेत चित्रकला शिकवते, किडनी द्यायला तयार झाली होती. तपासणीला जाणार होती.

"मी तिला थांब म्हटलं," अम्पारो म्हणाली. "घरचं कुणी असताना परक्या बाईला कशाला कापायचं? पण तेंचा, खरं सांग, तुझे सगळे रिपोर्ट नीट आहेत ना? पाय बघू."

"नीट आहेत," मी पाय खुर्चीखाली ओढले.

"प्रेशर?"

"नीट आहे म्हटलं ना!"

तिला हायसं वाटलं. अगदी स्पष्ट दिसलं मला ते. तरी मी रिकामा डबा उचलला आणि निघाले.

११ एप्रिल

सर्टिफिकेटची मुदत उद्या संपत होती. १३४ वर ८४. वर्षभराचं मिळालं. डॉक्टर म्हणाला, "शाबास, काय केलंत?" मी म्हटलं, काही नाही.

अम्पारोच्या वाट्याच्या दिवसांतून एकवीस दिवस मी खाल्ले, हा हिशोब डोक्यातून जात नाही.

१६ एप्रिल

दुपारच्या फेरीआधी चानोचा फोन. अम्पारोच्या हातातली जोडलेली शीर बंद पडली. गुठळी झाली. सकाळी तिने हात लावला तर गुरगुर नाही. ऑपरेशन करून मोकळी करायचा प्रयत्न केला, झाली नाही. आता मानेत नळी घातलीय. डॉक्टर म्हणतात, तिच्या वाहिन्या आतून खराब झाल्यात, दुसरी जागा कितपत टिकेल सांगता येत नाही. किडनी जितकी लवकर तितकं बरं.

"देवाची कृपा की तू आहेस, तेंचा," चानो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

मी बस सुरू केली. सगळी मुलं घरी सोडली. शेवटचा थांबा झाल्यावर रिकाम्या बसमध्ये बसून राहिले, डेपोतून दोनदा वायरलेस आला तेव्हा उठले.

१८ एप्रिल

सांगितलं.

हॉस्पिटलमध्ये ती बसून जेली खात होती, मानेवर मोठी पट्टी. चानोला मी कॉफी आणायला पाठवलं. उभ्यानेच सांगितलं, एका दमात, चव्वेचाळीस हा आकडासुद्धा.

तिने चमचा ठेवला. "कधी कळलं?"

"एकवीस मार्च."

तिने बोटांवर दिवस मोजले. मला वाटलं रडेल, किंवा जवळ घेईल. ती इतक्या खालच्या आवाजात बोलली की मला वाकावं लागलं.

"चार आठवडे. पिलारला मी घरी पाठवलं, तेंचा. ती दारात उभी होती माझ्या, आणि मी तिला म्हटलं, माझी बहीण देणार आहे. तुला काय मिळालं यातून?"

"अंडी," मी म्हटलं. 

"काय?"

"आमा रोज मला अंडी करून देत होती."

 मग तिने जेलीची वाटी माझ्यावर फेकली. लागली नाही, पण लाल जेली माझ्या युनिफॉर्मवर पसरली. "निघ इथून!" ती ओरडली. नर्स धावत आली. मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून ती म्हणाली, "गोळ्या घेतेस का?"

"घेते."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"निघ."

१९ एप्रिल

आमाला सांगितलं. मला वाटत होतं खोटं बोलल्याबद्दल मारेल. तिने गॅस बंद केला, डोळ्यांना लावायला एप्रन वर उचलला, पण मध्येच सोडून दिला.

"दोघी?" ती म्हणाली.

"माझं अजून तितकं नाही गं आमा. चव्वेचाळीस आहे. सांभाळलं तर टिकतं."

"तुझ्या आपाचंही सुरुवातीला तितकं नव्हतं." ती खुर्चीवर बसली. साखरेने आपांचा आधी पाय गेला, मग डोळे, मग तेच गेले. मग ती रडली, आवाज न करता, माझ्याकडे बघत. आयुष्यभर मला हे हवं होतं, आमाने माझ्यासाठी रडावं. आज रडली, आणि मी म्हणत सुटले, गप्प हो, आमा, गप्प हो, मी ठीक आहे, मी काहीही पचवते.

"काहीही पचवत नाहीस तू," ती म्हणाली. "मीच तसं म्हणत राहिले."

जेवायला एकच पातेलं केलं. बिनमिठाचं. आमानेही तेच खाल्लं, तोंड वाकडं करत.

२१ एप्रिल

मिसा संपल्यावर फादरना सांगितलं मला माईक द्या. लोकांना सगळं सांगितलं, लघवीतल्या फेसासकट. या वेळी टाळ्या नव्हत्या. बेकरीतल्या बाईने तोंड फिरवलं. एक बाई मात्र बाहेर पार्किंगमध्ये मागे आली आणि हळूच म्हणाली, "फेस येतो म्हणालात, तो कसा असतो?"

संध्याकाळी पिलारच्या घरी गेले. दारातच सांगितलं सगळं, हात जोडून. ती तिशीतली, बोटांना निळा रंग. म्हणाली, "मी थांबलेलेच नाही. माझ्या तपासण्या चालू आहेत. अम्पारोला सांगू नका, ती उगाच नको म्हणेल." म्हणजे माझ्याइतकीच हट्टी, फक्त तिच्या किडन्या चांगल्या. घरी येईपर्यंत मला तिचा राग येत होता.

८ जून

अम्पारो अजून नीट बोलत नाही. डबा घेते, आकडा विचारते, दार लावते. आज आकडा सांगितला, पंचेचाळीस. दार लावायला तिने जरा वेळ लावला.

रोज सकाळी उन्हं चढायच्या आत कालव्याच्या कडेने चालते. आमा प्लास्टिकची खुर्ची घेऊन टोकाला बसते आणि मी फेऱ्या नीट घालते की नाही ते मोजते.

१९ सप्टेंबर

आज सॅन अँटोनिओत पिलारची किडनी अम्पारोला बसवली. सकाळी सातपासून आम्ही बसलो होतो, आमा, चानो, मी आणि पिलारची आई. दीडच्या सुमाराला सर्जन बाहेर आली. दोघी ठीक. आमा उठली, पिलारच्या आईसमोर गेली, तिचे दोन्ही हात घेऊन एकेका बोटाचं चुंबन घेतलं. मला कसं वाटलं ते लिहिते, कारण इतर कुठे लिहिणार? जळले मी. ते चुंबन माझं होतं.  मग मी उठले आणि पिलारच्या आईला सँडविच आणून दिलं, कारण तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

तासाभराने चानो आतून पळत आला, डोक्यावर कागदी टोपी. "मुतली!" सगळ्या खोलीत ऐकू गेलं. "तेंचा, मुतली! पिशवी भरली!"

आमाने फादरना फोन लावला आणि त्यांनाही तसंच सांगितलं, त्याच शब्दात.

२१ सप्टेंबर

निघायच्या आधी मला एकटीला आत सोडलं. अम्पारोचा चेहरा गुलाबी झाला होता. मुळात ती सुंदर, आता तर काय. तिने पांघरूण बाजूला करून लघवीची पिशवी दाखवली, दागिना दाखवावा तशी.

"कसली सोनेरी आहे बघ."

"पुरे, कळलं."

"फेस नाही."

मी हसले, तीही हसली, मग टाके दुखले म्हणून शिव्या देत पोट धरून बसली.

"तुझा आकडा?"

"सेहेचाळीस."

"चालतेस रोज?"

"आमा मोजते."

 "आमा रोज सकाळी तुझ्याबरोबर कालव्यावर येते?"

"खुर्ची घेऊन."

"तुझ्या स्वतःच्या दोन आहेत अजून, तेंचा. जपून ठेव. मला उसनी मिळाली, तिच्यासाठी जन्मभर मुठीने गोळ्या. आणि घरी गेल्यावरही आमा माझ्याकडे डब्यातूनच येणार." मग म्हणाली, "मी जळते गं तुझ्यावर." तोंडावर म्हणाली, साध्या आवाजात, मीठ मागावं तशी.

 मी तिच्या पायावर अंगठा दाबला. खळगा लगेच भरला.

परतीच्या वाटेवर आमा शेजारी डुलक्या काढत होती. दुतर्फा खुरटी झाडं, सपाट रान, मध्येच गुरं. मी हसत असणार, कारण आमाने डोळे उघडून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही."

"सांग की."

"अम्पारो म्हणते, ती माझ्यावर जळते."

आमाने उशी मानेखाली सारखी केली. "ती लहानपणापासून जळते तुझ्यावर," ती म्हणाली. "तुला माहीत नव्हतं?" आणि परत झोपली.

पुढचे चाळीस मैल मी रेडिओ लावला नाही.